फिल्टरचं प्रेशर आणि आरएक्सजावा: आठवा रविवार

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. यावल तालुक्यात आमची केळी आहे, यंदा कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली. मोटरीची थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आप्पा शेतातल्या खोलीबाहेर खाट टाकतात आणि तासातासाला बॅटरी घेऊन सँड फिल्टरपाशी जातात. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या प्रेशरमध्ये अर्धा किलो (दर चौरस सेंटिमीटरला) फरक पडला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं. त्या वाटेवर साप निघतात, म्हणून हा सगळा उद्योग: दोन प्रेशर सेन्सर, एक छोटा ईएसपी३२ कंट्रोलर बोर्ड, त्याचंच वायफाय आणि आप्पांच्या फोनवर मी कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं ॲप. बोर्ड सॉकेटवरून (नेटवर्कच्या थेट जोडणीवरून) सेकंदाला आकड्यांची एक ओळ पाठवतो, आरएक्सजावा ३ ही येत्या डेटाचा प्रवाह हाताळणारी लायब्ररी ती पडद्यापर्यंत आणते. कोटलिनचंच तसलं साधन, फ्लो, का नाही, असं दोघा-तिघांनी विचारलं होतं. आरएक्स आधी शिकलो, एवढंच कारण.

गेल्या रविवारी अडलो होतो ते इथे: मुख्य पडद्यावर आकडे यायचे, पण आलेखाचा पडदा उघडला की तो कोराच. तीन तास मी आलेखाचं कोड उपसत बसलो. दोष तिथे नव्हताच. ऑब्झर्व्हेबल.क्रिएटने बनवलेला माझा प्रवाह 'कोल्ड' होता, म्हणजे जो सबस्क्राइब करील, आकडे मागेल, त्याच्यासाठी सॉकेट नव्याने उघडणार. ठिबकच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक लॅटरलला (ओळीतल्या ठिबक नळीला) मी वेगळी मोटर बसवली होती. त्यात बोर्डावरचा माझा प्रोग्राम एका वेळी एकच ग्राहक सांभाळतो. दुसरं सॉकेट दारात ताटकळत उभं. शेवटी रिप्ले(१) (शेवटचा आकडा जपून नव्या पडद्याला देणारं) आणि रेफकाउंट (ग्राहक मोजणारं) लावलं. आता मोटर एक, फाटे हवे तितके, आणि शेवटचा फाटा बंद झाला की मोटरही बंद.

ठिबकची उपमा इथवरच चालते. आमच्याकडे एखादी लॅटरल उंदराने कुरतडली तर बाकीची बाग भिजतच राहते. आरएक्समध्ये एक ऑनएरर (बिघाडाचा निरोप) आला की तो प्रवाह कायमचा संपला. म्हणून रिट्रायव्हेन घातलं: पाच सेकंद थांब, पुन्हा जोड. ते रिप्लेच्या आधी, वरच्या बाजूला हवं, म्हणजे पडद्यांना तुटल्याचा पत्ताही लागत नाही.

पण लाइट गेल्यावर एररच येईना! बोर्ड निरोप न घेता मरतो. सॉकेट बंद झाल्याचं फोनला कोणी कळवत नाही, आणि ओळ वाचणारा थ्रेड (ॲपमधला कामाचा स्वतंत्र धागा) तसाच वाट बघत बसतो. पडद्यावर मात्र रिप्लेने जपलेला शेवटचा आकडा, दीड किलो, झकास. मोटर बंद, आणि ॲप सांगतंय पाणी चालू आहे. न दिसणाऱ्या आकड्यापेक्षा हा शिळा आकडा जास्त घातक. मग रिट्रायच्या वर पंधरा सेकंदांचा टाइमआउट टाकला: तेवढ्यात ओळ आली नाही तर एरर. त्याखाली ऑनएरररिझ्यूमनेक्स्टमध्ये (एरर आल्यावर पुढे काय द्यायचं ते इथे ठरतं) आधी 'संपर्क नाही' ही स्थिती सोडायची आणि मग तोच एरर पुढे ढकलायचा, म्हणजे पडदा लाल होतो आणि जोडणीही पुन्हा सुरू होते.

एवढं झाल्यावर ॲपच कोसळायला लागलं. लॉगमध्ये अनडिलिव्हरेबलएक्सेप्शन, म्हणजे कोणालाच पोचवता न आलेला एरर. हे कोडं मला सगळ्यात आवडलं. टाइमआउट झाला की आरएक्स वरचं सगळं डिस्पोज करतं, म्हणजे बंद करतं, माझ्या सेटकॅन्सलेबलमध्ये (आवराआवरीच्या कोडमध्ये) सॉकेट बंद होतं, आणि त्याच क्षणी अडकून बसलेला वाचनाचा थ्रेड सॉकेटएक्सेप्शन फेकतो. मी ते इमानेइतबारे ऑनएररला द्यायचो, पण घेणारा केव्हाच उठून गेलेला. पत्ता नसलेलं पत्र शेवटी ॲपच्याच डोक्यात आदळतं. आरएक्सजावाप्लगिन्समध्ये एरर हँडलर लावून सगळंच गिळून टाका, हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. उद्या खरा दोषही त्याच पोटात जाईल. ऑनएररऐवजी ट्रायऑनएरर लिहिलं, घेणारा नसेल तर ते मुकाट 'फॉल्स' परत करतं. एका शब्दाचा बदल, संध्याकाळचे चार तास.

(जुनं उदाहरण उतरवून घेणाऱ्यांनी इम्पोर्ट (कोणती पॅकेजं घेतली त्या ओळी) बघावेत. आरएक्सजावाच्या आवृत्ती २ आणि ३ ची पॅकेजं वेगळी आहेत. शेड्युलर (काम कोणत्या थ्रेडवर चालायचं ते ठरवणारे) नावाने एकच, पण एकमेकांना ओळखत नाहीत.)

काल रात्री बोर्डाची पिन सहा वेळा उपटली. सहाही वेळा पडदा लाल झाला आणि पिन लावल्यावर आकडे आपोआप परतले. आप्पा खाटेवरून बघत होते.

"लाल झालं म्हणजे काय करायचं?"

"संपर्क तुटला. जाऊन बघायचं."

"मग जातच होतो की आधी."

बरोबर आहे. लाइट गेली की बोर्ड जगला पाहिजे, म्हणजे 'लाइट नाही' आणि 'बोर्ड बिघडला' या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येतील. पुढच्या रविवारी बॅटरी बसवतो.