न वाचलेले ४१२

परवा दुपारी फीड रीडर, म्हणजे निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेखन एका जागी आणून देणारे साधन, उघडला, तर न वाचलेल्या बातम्यांचा आकडा ४१२ वर गेलेला दिसला आणि मला इंदूरच्या रामबागेतली आमची जुनी ओसरी आठवली. हिंदी वर्तमानपत्र तिथे पहाटेच येऊन पडत असे. मुंबईचे मराठी दैनिक मात्र टपालाने, कागदी पट्टीत गुंडाळलेले, दोन-तीन दिवस उशिरा येई आणि पुष्कळदा तीन अंक एकदमच येत. आजोबा भाजीच्या सुरीने पट्ट्या उकलत, अंक तारखेने लावत आणि आधीचा संपल्याखेरीज पुढच्याची घडी कोणालाही मोडू देत नसत. कसोटी सामन्याचा निकाल हिंदी पत्रातून कळलेला असूनही परवाचा धावफलक ते जीव मुठीत धरून वाचत.

फीडचे वळण बरेचसे तसेच आहे. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराचे मथळे, दुवे आणि तारखा एका एक्सएमएल फाइलीत, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक साच्यात, मांडून ठेवते; हीच फीड. आपला रीडर थोड्या थोड्या वेळाने तिथे डोकावतो आणि नवे असेल तेवढे उचलून आणतो. मला काय आवडेल हे ठरवणारा आगंतुक मध्ये नसतो. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९९ मध्ये सुरू केलेली ही आरएसएसची सोय आता जुनी झाली. तिची खूण असलेला नारिंगी चौकोन पुष्कळ पानांवरून नाहीसा झाला असला, तरी पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द रोमन लिपीत जोडला, की अनेक ठिकाणी दार उघडते. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तेव्हा मी माझ्या फीडांची सगळी यादी ओपीएमएल फाइलीत, म्हणजे अशी यादी एका रीडरमधून दुसऱ्यात नेण्याच्या साच्यात, बांधून दुसरीकडे बिऱ्हाड हलवले. दोनच ओळी देऊन ‘पुढे वाचा’ म्हणणाऱ्या फीडचा मात्र मला मनस्वी राग येतो. नुसती पट्टी पाठवून अंक मुंबईतच ठेवून घेण्याचा तो प्रकार आहे.

‘सर्व वाचले असे नोंदवा’ असे एक बटण असते. आजोबा गेले, तेव्हा वर्गणीचे चार महिने शिल्लक होते आणि अंक येत राहिले. आजीने त्यांच्या पट्ट्या उकलल्या नाहीत, रद्दीवाल्यालाही ते दिले नाहीत. फडताळात तारखेने रचून ठेवले.

बटणाकडे गेलेले बोट मी मागे घेतले. तोवर आकडा ४१५ झाला होता.