साडेचार मिलिमीटर

आमच्या धंद्यात हिवाळा कॅलेंडर बघून येत नाही. पहाटे गाड्यांच्या काचांवर बर्फ धरतो आणि सकाळी वर्कशॉपच्या शटरबाहेर रांग लागते, त्या दिवशी तो येतो. महिनाभर आधीपासून आम्ही येईल त्याला सांगत असतो, टायर आत्ताच बदलून घ्या. कोणी ऐकत नाही. मग सगळ्यांना एकाच दिवशी घाई. हा अनुभव अशाच एका दिवसाचा, आणि त्यातली चूक माझी आहे हे आधीच सांगून टाकतो.

रांगेत चौथी होती एक गडद निळी, दोन दारांची स्पोर्टी कूपे. इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना, आणि पुढचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती आवळणारे धातूचे चिमटे, एवढे जाडजूड की स्पोकमधून नुसतं बघितलं तरी नजर तिथेच अडकावी. गाडी चालवत आल्या होत्या पन्नाशीच्या एक डॉक्टर बाई. रात्री-अपरात्री फोन येतो, हॉस्पिटल गाठावं लागतं, आणि घर चढावर. त्या दिवशी पहाटे दारासमोरच्या उतारावर गाडी ब्रेक दाबूनसुद्धा थांबली नव्हती.

"पाय पार खाली दाबला होता मी. एबीएस खडखडत होतं आणि गाडी आपली चाललीय. बर्फसुद्धा नव्हता हो रस्त्यावर, नुसतं पांढरं पडलं होतं."

मी खाली वाकून पुढच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. उन्हाळी टायर, स्पोर्टी जातीचा. नख रुतेना, बादलीच्या प्लॅस्टिकवर दाबावं तसं. मग रॅकवरचा नवा हिवाळी टायर ओढून त्यांना म्हटलं, आता इथे दाबा. नख आत गेलं. त्याच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा बोटाने वाकवून दाखवल्या. बर्फावर पकड देतात त्या याच चिरांच्या शेकडो कडा. सात अंश सेल्सियसच्या खाली हिवाळी टायर लावा, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण साताला काही बटण दाबल्यासारखं होत नाही. रबर हळूहळू कडक होत जातं आणि वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरचं जरा जास्तच होतं. काही अतिस्पोर्टी टायर तर कडाक्याच्या थंडीत नुसते हलवले तरी रबराला तडे जाऊ शकतात, अशी सूचना त्यांचे उत्पादकच देतात.

बाईंना घाबरवायची गरज नव्हती, त्या घाबरूनच आल्या होत्या. प्रश्न होता चाकांचा. गाडीवर १९ इंची रिमा. पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, त्या रुंदीच्या टक्क्यांत. म्हणजे मागचा टायर पुढच्यापेक्षा चांगला तीन सेंटिमीटर रुंद. उन्हाळ्यात हे शोभतं आणि कामाचंही असतं. पण बाईंच्या मनात होतं की याच रिमांवर हिवाळी टायर चढवावेत, "नाहीतर गाडी गरीब दिसते." हे वाक्य मी दर हिवाळ्यात ऐकतो. माझं मत विचाराल तर १९ इंची देखणी रिम बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवायला काढणं हाच खरा गरिबीचा उद्योग. लेथवर घासून चमकवलेल्या तोंडाची रिम असेल तर विचारूच नका. वरच्या लॅकरला एक खडा लागला की मीठ आत शिरतं आणि दोन हिवाळ्यांत पांढरे किडे पसरल्यासारखे दिसायला लागतात.

त्यांना हिशोब करून दाखवला. १८ इंचाच्या रिमेवर २२५/४५, चारी चाकांना एकच माप. बाहेरचा व्यास सुमारे ६६० मिलिमीटर. आत्ताचा पुढचा ६६३, मागचा ६६१. फरक तीन मिलिमीटरच्या आत, त्यामुळे स्पीडोमीटरही बिघडत नाही आणि चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोलही गोंधळत नाही. मागचे टायर मात्र तीन सेंटिमीटरने अरुंद होतात आणि हिवाळ्यात तेच हवं असतं. रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगायला बघतो, अरुंद कापत खाली जातो. शिवाय साइडवॉल साधारण नऊ सेंटिमीटरवरून दहा होते. एक सेंटिमीटर म्हणजे काय ते बर्फाखाली झाकलेला खड्डा लागल्यावर कळतं. आणि चारी टायर सारखे असले की पुढचे मागे, मागचे पुढे फिरवता येतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचे आधी झिजतात, तेव्हा हा फायदा लहान नाही.

"मग १७ इंची घेतली तर?" त्यांनी विचारलं. शहाणा प्रश्न. एरवी मीही तेच सुचवलं असतं. पण ब्रेक एवढे मोठे, की १७ ची रिम कॅलिपरवर चढणारच नाही.

बाई हसल्या आणि गाडीचं मागचं झाकण उघडलं. आत चादरीत गुंडाळलेल्या दोन रिमा, मागच्या सीटवर आणखी दोन. १८ इंची, साध्या राखाडी रंगाच्या, वापरलेल्या, कोणाकडून तरी घेतलेल्या. मला आजमावायला इतका वेळ गप्प होत्या!

वापरलेल्या आणि दुसऱ्या कंपनीच्या रिमा आल्या की मी आधी रिमेची पाठ वाचतो. पाच बोल्ट, ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर, जुळलं. रुंदी आठ इंच, ऑफसेट ३०. म्हणजे मूळ रिमेपेक्षा चाक कुठे आत-बाहेर जातं ते बघावं लागणार. मधलं भोक ७३.१ आणि चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या हबचा गळा ६६.५. मधली जागा भरणाऱ्या प्लॅस्टिकच्या रिंगा बाईंनी पिशवीत जपून आणल्या होत्या, चारीच्या चारी. बोल्टांची बैठक शंकूची, गाडीचे बोल्टही शंकूचेच. इथपर्यंत सगळं सुरळीत.

मग पुढची डावी बाजू. गाडी लिफ्टवर घेतली, चाक काढलं, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला. कॅलिपरच्या पाठीवर आणि तोंडावर लहान मुलांच्या खेळातली मऊ माती थापली, नुसती रिम चढवली, दोन बोल्ट हाताने आवळले, एक फेरा फिरवली आणि काढून घेतली. मातीवर चाकाचा ठसा उमटतो, मग ती कापून जाडी मोजायची. स्पोककडून सहा मिलिमीटर. वरून, म्हणजे रिमेचा पिंपासारखा आतला भाग आणि कॅलिपर यांच्यामध्ये, साडेचार. तीनच्या खाली मी कोणाला जाऊ देत नाही. साडेचार म्हणजे पास. आतल्या बाजूला शॉकअपकडेही बोट सहज जात होतं.

टायर निवडताना पुन्हा थोडी चर्चा झाली. बाईंना 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेला एक स्वस्त टायर कोणीतरी सुचवला होता. ती अक्षरं उत्पादक आपल्या जबाबदारीवर छापतो, त्यामागे बर्फावरची परीक्षा असतेच असं नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीतून गेलेला असतो. मग घट्ट गोठलेल्या रस्त्यांसाठीचा अगदी मऊ टायर घ्यायचा, की वेगवान गाडीसाठीचा जरा कणखर? त्यांच्या वाटेवर बर्फापेक्षा ओला, थंड डांबरी रस्ता जास्त, म्हणून दुसरा ठरवला. भार ९५, म्हणजे एका टायरवर ६९० किलो. वेग 'व्ही', म्हणजे ताशी २४० पर्यंत. "एवढं मी चालवत नाही," म्हणाल्या. म्हटलं, तुम्ही नाही, पण गाडी चालवू शकते.

टायर चढले, बॅलन्सिंग झालं, गाडी खाली आली. बाहेर रांग आता रस्त्यापर्यंत गेली होती आणि शेठ काचेतून दर दोन मिनिटांनी बघत होते. बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला जोर लागला की टक करणाऱ्या पान्याने, १४० न्यूटन मीटरवर आवळले, हवा भरली, बाईंना म्हटलं, घ्या बाहेर.

गाडी दहा फूट गेली असेल. टक. मग पुन्हा, टक. टक. टक.

मी हात वर करून थांबवलं. डोक्यात पहिलं आलं ते रिंगांचं, एखादी नीट बसली नसेल. पण रिंग नसली तर चाक थरथरतं, तेही वेग वाढल्यावर. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारा आवाज म्हणजे काहीतरी लागतंय. आणि लागेल कसं? साडेचार मिलिमीटर मी स्वतः मोजलेत!

गाडी पुन्हा वर. डावं चाक काढून उलटं ठेवलं आणि टॉर्च आत मारला. रिमेच्या आत, स्पोकच्या मागे, बॅलन्सिंगच्या, म्हणजे चाक थरथरू नये म्हणून चिकटवतात त्या वजनांची पट्टी होती. पाच-पाच ग्रॅमचे नऊ तुकडे, मीच चिकटवलेले. मधल्या दोघांचे कोपरे घासून आरशासारखे झाले होते आणि शेवटचा तुकडा अर्धा उचकटला होता. कॅलिपरच्या पाठीवर करंगळीएवढा चकचकीत ओरखडा.

मी मोजली होती नुसती रिम. वजनं तेव्हा नव्हतीच तिच्यावर. चार मिलिमीटर जाडीचा तुकडा, खाली चिकटपट्टी, की संपले साडेचार मिलिमीटर.

यातलं मला जास्त लागलं ते वेगळंच. चाक बसवल्यावर, गाडी खाली घेण्याआधी, हाताने एक फेरा फिरवून बघायचं, हे मी नव्या पोरांना रोज ओरडून सांगतो. त्या दिवशी मी फिरवलं नाही. शेठ बघत होते, रांग होती, आणि साडेचार मिलिमीटरवर माझा विश्वास होता. रस्त्यावर तो उचकटलेला तुकडा निघून कॅलिपर आणि रिमेच्या मध्ये अडकला असता तर काय झालं असतं, ते मी बाईंना सांगितलं. लपवण्यासारखं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ऑपरेशननंतर आम्ही बोळे मोजतो. तुम्हीही वजनं मोजत जा."

आमचे उस्ताद तेवढ्यात हात पुसत आले. चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पंचेचाळीस ग्रॅम? एवढं वजन नव्या टायरला लागतंच कशाला? आधी टायर फिरव."

बरोबर होतं. टायर आणि रिम दोघांचीही जड बाजू असते आणि दोन्ही एकाच ठिकाणी आल्या की मशीन भरपूर वजन मागतं. हवा सोडली, टायर रिमेपासून सुटा केला, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला. मशीनने आता वीस मागितले. मग वजनाची जागा बदलली. अगदी स्पोकच्या मुळाशी, जिथे कॅलिपरची कड गोल होऊन खाली उतरते तिथे. जागा बदलली की आकडाही बदलतो, म्हणून मशीनला नवं अंतर दाखवून पुन्हा फिरवलं. पंचवीस निघाले. रुंद पण निम्म्या जाडीची पातळ वजनं होती, ती लावली. उजवं चाक आवाजाची वाट न बघताच काढलं; तिथेही दोन तुकड्यांवर केसासारखी रेघ उमटली होती. मागचे ब्रेक लहान, तिथे मूठ जाईल एवढी जागा.

पुन्हा माती थापली, या वेळी पूर्ण चाकावर, वजनांसकट. मग हाताने फिरवलं. एक फेरा नाही, दहा. बाई शेजारी उभ्या राहून मोजत होत्या.

बर्फाचा चिखल रिमेच्या आत गोठला तर असा आवाज पुन्हा येऊ शकतो, तेव्हा घाबरू नका, पण थांबून बघा, एवढं सांगून त्यांना सोडलं. हवा थंडीत दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय उतरते, तीही तपासा. आणि शंभर किलोमीटरनंतर बोल्ट आवळून घ्यायला या.

आठवड्याने आल्या. "आवाज अजिबात नाही. पण वळणावर गाडी जरा बसल्यासारखी वाटते, आधीसारखी चटकन वळत नाही." म्हटलं, तो टायरचा मऊपणा आणि वाढलेली साइडवॉल, आठवडाभरात हाताला सवय होईल. दिसायला कशी वाटते, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही.

वीस बोल्ट तपासले. एकोणीस जागचे हलले नाहीत. डाव्या पुढच्या चाकाचा एक पाव फेरा आत गेला, मग रेंचने टक केलं. आम्ही दोघांनीही एकदम चाकाकडे बघितलं.