बावीस आणि एक उभी रेघ

दुसऱ्या मिस्त्रीच्या कामाला नावं ठेवली की गिऱ्हाईक निम्मं आपलं होतं. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड, मलाही आहे.

गेल्या उन्हाळ्यात लातुरात औसा रोडच्या बाजूला एका रिटायर शिक्षिका मॅडमच्या घरी गेलो होतो. किचन एल आकाराचं. खाली १६ फूट, वर १२ फूट कपाटं. मुलगा पुण्यात. त्यानं व्हिडिओ कॉलवरच निकाल देऊन टाकलेला, सगळं उपटा, नवीन मॉड्युलर करा. डिझाइनही पाठवलं होतं. चकाकणारी अ‍ॅक्रिलिकची शटरं, खाली निळे दिवे. मॅडमचं म्हणणं एवढंच, "शटरं गेलीत, आतलं चांगलंय की. कामून फोडायचं?"

नवीन करण्यात फायदा माझाच होता. पावणेदोन लाखांचं काम, २० दिवस. नुसती शटरं बदलायची तर तीन शीट प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, आठवड्यात काम खलास, आणि ५० हजारांतून माझ्या हातात काय उरतं ते मलाच ठाऊक. तरी सांगाडा बघितल्याशिवाय मी आकडा बोलत नाही.

शटराकडं बघून काही कळत नसतं. टेपनं एकेका बॉक्सचे दोन्ही कर्ण मोजले, एका सुताचाही फरक नाही. काटकोन बघायचा गुण्या लावला, बसला. एका बिजागरीचा स्क्रू काढून पुन्हा त्याच भोकात पिळला, घट्ट धरला. पार्टिकल बोर्ड असता तर भुसाच हातात आला असता. भिंतीकडून वाळवीची मातीची रेघ आलीय का ते मोबाइलच्या उजेडात बघितलं, तीही नव्हती. आणि मोठी गोष्ट म्हणजे ग्रॅनाइटचा ओटा कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर होता, लाकडावर नाही. ओटा सांगाड्यावरच टेकवलेला असला, तर खालचे बॉक्स काढायचे म्हणजे ओट्याला हात लागणार, मागच्या टाइल्स जाणार, नळ सुटणार, आणि दोन-तीन आठवडे शेगडी गॅलरीत. इथं बॉक्स सरळ पुढं ओढले की निघणार होते.

शटरंच बदलायची, असं मनात ठरलं. मग सिंकखाली वाकलो.

दार उघडताच वास आला. तळाच्या फळीवर डिसमिस नुसता टेकवला, तर भिजल्या भाकरीत बोट जावं तसा आरपार गेला. प्लायचे पापुद्रे सुटले होते. शेजारच्या बॉक्सची सिंककडची बाजूही खालून चार बोटं फुगलेली.

"कोण्या येड्यानं केलंय हे?" मॅडमला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो. "सिंकखाली साधा कमर्शियल प्लाय घालतंय का कुणी?"

माझ्यासोबतच्या पोरानं फळी ओढून काढली आणि उलटी केली. खालच्या अंगाला सनमायकाच नव्हता, कोरा प्लाय. त्यावर पेन्सिलीनं माप लिहिलेलं: २२। × २१॥

मी बघतच राहिलो. सव्वाबावीस असं उभ्या रेघेनं लिहिणारा सुतार आमच्या गावात मी एकटाच. माझे आजोबा आडतीवर दिवाणजी होते. पाव म्हणजे एक रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन, हे त्यांनी मला शाळेच्या आधी शिकवलं. उस्ताद त्यावरून शिव्या द्यायचे, "तुझं हे मारवाडी खातं कोण वाचायचं?" २०११ साली मी त्यांच्याकडं कटिंगला होतो. बॉक्स कारखान्यात बनायचे, बसवायला दुसरी माणसं जायची. त्यामुळं घर मी कधी पाहिलंच नव्हतं. येडा मात्र मीच होतो.

तेव्हा सगळेच तो प्लाय घालायचे. साध्या एमआर, म्हणजे कमर्शियल प्लायचा डिंक दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. आयएस ७१० चा शिक्का असलेल्या मरीन प्लायची, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायची, परीक्षा ७२ तास पाण्यात उकळून घेतात. शीटमागं पैसे वाचायचे, आणि वरून सनमायका चिकटवला की दोन्ही सारखेच दिसायचे. गिऱ्हाईक विचारायचं ते सनमायकाच्या रंगाचं.

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. फळी फोडून गोणीत टाकली असती तर कुणाला काय कळणार होतं? पण पाच मिनिटांपूर्वीचा माझाच आवाज कानात होता. मॅडमला बोलावलं आणि फळी दाखवली. "मॅडम, तो येडा मीच."

त्या हसल्या नाहीत. चष्मा लावून ते माप वाचलं, बरोबर वाचलं, आणि म्हणाल्या, "बसा. तुमचा एकट्याचा दोष नाही हा."

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, ते दिवस लातूरकराला सांगावे लागत नाहीत. मॅडमच्या मालकांनी तेव्हा सिंकचा पाइपच काढून ठेवला होता आणि खाली बादली लावली होती. भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी संडासात टाकायला. बादली भरल्याचं दार बंद असल्यावर कळायचं नाही. सांडायचं. फडक्यानं पुसायच्या, पण फळीच्या खालून कोण पुसणार? आणि खालूनच प्लाय कोरा सोडलेला. पावसाळ्यात मांजरा धरण भरलं, पाइप पुन्हा जोडला, पण वायसर नीट बसला नाही. तेव्हापासून थेंब थेंब चालूच.

मुलाला फोन लावला. सिंकचा आणि शेजारचा असे दोन बॉक्स नवे, ७१० च्या प्लायचे, कडांना खालून-वरून पट्टी मारून. बाकी सांगाडा तोच, शटरं सगळी नवी. एकूण ६२ हजार. "पण मिस्त्री, जुनं ते जुनंच ना?" तो म्हणाला. बाकीचे बॉक्स याच हातानं कापलेत आणि १४ वर्षांत एक सूतही हललेले नाहीत, हे त्याला कॅमेऱ्यात टेप धरून दाखवलं. निळ्या दिव्यांचं त्यानं तरी एकदा विचारलंच.

दोन बॉक्सची मजुरी लावली नाही. पोरगं त्यावरून दोन दिवस माझ्याशी नीट बोललं नाही. त्याचंही खरं आहे, त्याचा घाम काही २०११ चा नव्हता.

सिंकच्या बॉक्सला तळ किती वर ठेवायचा ते विचारायला गेलो, तर मॅडम म्हणाल्या, तळ घालूच नका.

"फरशी तशीच राहू द्या. बादली बसली पाहिजे."

"आता पाइप आहे की, मॅडम."

"पाइप आहे. पावसाचं तुम्ही सांगता का?"

बाथरूममधून निळी बादली आणली, तिच्या काठावर टेप धरला. १२॥ भरली.