पाठकोरे कागद

आमच्या शाळेला पत्र्याचं छप्पर आहे. जूनमध्ये सर आली की वर ताशा वाजायला लागतो आणि शेवटच्या बाकापर्यंत प्रयोग-समास पोचवायचे तर ओरडण्याशिवाय इलाज नसतो. त्यात मला सर्दी. आवाज बसला. ज्येष्ठमध, गुळण्या, हळद-दूध सगळं झालं. शेवटी डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतू सुजलेत म्हणाले, काही दिवस बोलणं बंद. कुजबुजही नको, त्यात घसा उलट जास्त आवळला जातो. (मान्युएल गार्सिया या गाण्याच्या मास्तरांनी १८५४ साली आरसे लावून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले होते. घशाची काळजी मास्तर लोकांनाच!)

लेकीच्या जुन्या सराव-पेपरांचे पाठकोरे कागद कापून मी गठ्ठा केला. मी गप्पिष्ट, आता घर सुनं होणार, अशी माझी समजूत. तसं काही झालं नाही. उलट घरातले सगळे माझ्याशी कुजबुजत बोलू लागले, जणू घसा त्यांचाच बसला होता.

रात्री टाकून द्यायला म्हणून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि वाचत बसले. ‘गॅस बारीक कर.’ ‘तो नाही, मागचा डबा.’ ‘ओला टॉवेल पलंगावर नको.’ ‘असं नाही, उलटं धर.’ एकीतही गप्पा नाहीत, एकही चौकशी नाही. नुसते हुकूम आणि दुरुस्त्या! लिहायचा कंटाळा म्हणून तेवढंच उरलं, बोलताना मी ‘अगं’, ‘जरा’ लावतेच की, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण ‘जरा’ लिहायला कितीशी शाई लागते? सबंध वर्गाच्या वह्या तपासणारी बाई घरीही लाल पेन घेऊनच फिरत होती, आणि त्याला मी गप्पा म्हणत होते.

गांधीजींचा सोमवार मौनाचा. २ जून १९४७ सोमवारच होता. फाळणीची योजना घेऊन माउंटबॅटन समोर बसलेले, आणि गांधीजी वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहून उत्तरं देत होते. एवढा बिकट प्रसंग, पण आधी त्यांनी लिहिलं ते बोलता येत नाही याबद्दल दिलगिरीचं. मग मौनाचे दोन अपवादही सांगितले : तातडीच्या कामासाठी मोठ्या अधिकाऱ्यांशी बोलणं आणि आजाऱ्याची शुश्रूषा. माझ्या अख्ख्या गठ्ठ्यात दिलगिरी सोडाच, साधं ‘बरं झालं केलंस’सुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेक पोह्यांची तयारी करत होती. मी सवयीने चिठ्ठी सरकवली, ‘कांदा बारीक चिर.’ तिने सुरी ठेवली, हात पुसले, खाली लिहिलं, ‘का?’

मी पेन उचललं. बराच वेळ विचार केला. बारीकच का, याचं लिहिण्याजोगं कारण काही सापडेना. तोवर तेलात मोहरी तडतडली आणि जाडसर कांदा कढईत पडला.