स्पायवेअर काढलं आणि नेटच गेलं

रविवारी दुपारी साताऱ्याहून मावशीचा फोन. "अरे, तू सांगितलंस तसं स्कॅन केलं, बरंच कायकाय सापडलं, सगळं काढून टाकलं आणि आता नेटच चालेना बघ." आवाज रडवेला झालेला. ती रुखवताचं सामान करून देते, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप वेबवर नाहीतर मेलवर, आणि सहा वर्षांचे फोटो त्याच लॅपटॉपमध्ये. एका रिपेअरवाल्याने फोनवरच सांगितलं की फॉर्मॅट मारावा लागेल. मी म्हटलं, मावशी थांब, मी येतो, तोवर कुणालाही हात लावू देऊ नकोस.

पोचलो तर वायफायचे कांडे फुल, त्याच वायफायवर तिचा मोबाईल मस्त चाललाय, म्हणजे राउटर ठीक. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ८.८.८.८ ला (हा गूगलच्या सर्व्हरचा नंबर) पिंग मारलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली, तर चारही उत्तरं आली, मग वेबसाइटचं नाव टाकून मारलं तरी आली. म्हणजे रस्ता चालू, डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी सोय, तीही चालू, फक्त ब्राउझर बंद! असं दिसलं की पहिल्यांदा प्रॉक्सी, म्हणजे आपल्या आणि नेटच्या मधला मध्यस्थ, बघायची, कारण पिंग प्रॉक्सीतून जात नाही, ब्राउझर जातो.

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी. मॅन्युअल प्रॉक्सीचं बटन ऑन आणि पत्ता १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे आपलाच कॉम्प्युटर. पूर्वी पत्रावर 'द्वारा अमुक तमुक' लिहायचे ना, तसं त्या स्पायवेअरने, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने, सगळी पत्रं 'द्वारा मी' करून ठेवलेली, मावशी कुठलंही पान उघडू दे, आधी ते त्याच्या हातातून जाणार. स्कॅनरने तो माणूस घराबाहेर काढला पण पत्त्यावरचा 'द्वारा' तसाच राहिला, आणि आता दार उघडायला कुणीच नाही. बटन ऑफ केलं, पानं धडाधड उघडली.

पण रीस्टार्ट केल्यावर बटन परत ऑन! इथेच बरेच जण कंटाळून फॉर्मॅट मारतात. टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे विंडोजच्या आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, बघितलं तर लॉगिन झालं की चालणारं एक टास्क होतं, नाव म्हणजे नुसती अगम्य अक्षरं, तेच दरवेळी प्रॉक्सी परत लावत होतं. ते उडवलं, दोनदा रीस्टार्ट करून बघितलं, मग जिवात जीव आला.

प्रॉक्सी स्वच्छ असूनही नेट नसेल तर विनसॉक, म्हणजे विंडोजचा नेटशी बोलणारा भाग, बघा. विंडोज एक्सपीच्या काळात हा छळ फार होता, स्पायवेअर नेटवर्कच्या साखळीत स्वतःची एक कडी घालायचं, ती फाइल नुसती डिलीट केली की साखळीच तुटायची. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून त्यावर साधी कमांड आहे: अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, एन-ई-टी-एस-एच सलग टाइप करायचं, मग स्पेस, विनसॉक, स्पेस, रीसेट, आणि मशीन रीस्टार्ट. आजही चालते.

आणि नंबरला पिंग होतं पण नावाला होत नाही असं असेल तर डीएनएस ऑटोमॅटिकवर आहे का बघा, आणि होस्ट्स फाइल पण (कुठलं नाव कुठल्या नंबरवर न्यायचं ते लिहिलेली कॉम्प्युटरमधली फाइल). डीएनएस चेंजर, म्हणजे कॉम्प्युटरचं डीएनएस गुपचूप टोळीच्या सर्व्हरकडे वळवणारा प्रोग्रॅम, त्याची केस यासाठीच माझ्या लक्षात राहिलीय. एस्टोनियातली टोळी, सुमारे ४० लाख कॉम्प्युटर, २०११ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफबीआयच्या कारवाईत पकडली गेली. पण त्यांचे सर्व्हर तेव्हाच बंद केले असते तर त्या लाखो लोकांचं नेट एका झटक्यात गेलं असतं, म्हणून त्यांच्या जागी चांगले सर्व्हर लावून ते जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवले. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, घाण काढायच्या आधी त्यावर काय टेकलंय ते बघितलं त्यांनी.

नेट आलं की लोक निवांत होतात, पण मधे कुणीतरी बसून सगळं बघत होतं हे विसरू नका. पासवर्ड बदला, आणि तेही दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. मावशीचे पासवर्ड एका जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर आहेत. माझ्या फोनवरून आम्ही एकेक बदलत गेलो, बँकेचा पहिला, मग मेलचा, आणि ती पट्टी धरून जुन्यावर लाल रेघ मारून शेजारी नवीन लिहीत होती.