जोशुआ ट्रीमध्ये चार दिवस, बोल्टची पिशवी न उघडता

डिसेंबरात चार दिवस कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात चढाई केली. लॉस एंजेलिसहून गाडीनं अडीच-तीन तास. आम्ही दोघंही सह्याद्रीत शिकलेले, त्यामुळे सवयीनं हातोडा आणि बोल्टची (दोर अडकवायला खडकात भोक पाडून ठोकायच्या धातूच्या खुंट्यांची) पिशवी सॅकमध्ये आलीच होती.

हिडन व्हॅली कॅम्पग्राउंडपाशी हंगामात शनिवार-रविवारी सकाळी रेंजर चढाईवाल्यांना कॉफी देतात. तुम्ही जाल तर सुरुवात तिथूनच करा. आमचा पहिला प्रश्न बोल्टचा होता. रेंजरबाईंनी नकाशा उघडून विल्डरनेसची, म्हणजे कायद्यानं राखलेल्या रानाची, हद्द दाखवली. उद्यानाचा सुमारे ८५ टक्के भाग तिच्यात येतो. तिथे मोटरचं ड्रिल अजिबात चालत नाही, आणि नवा बोल्ट हातानं ठोकायचा असला तरी आधी परवाना लागतो. गंमत अशी की हद्दीवर कुंपण नाही. गाडीपासून थोडं चाललं की नियम बदललेला असतो, म्हणून नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घ्या. आत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

विल्डरनेसमध्ये बोल्ट चालावेत की नाही, हा वाद १९६४ च्या विल्डरनेस कायद्यातला आहे. अशा रानात यंत्रं नकोत आणि कायमची बसवलेली वस्तूही नको, असं तो म्हणतो. मग दोरासाठी ठोकलेला बोल्ट ही ‘बसवलेली वस्तू’ का? २०१३ साली राष्ट्रीय उद्यान सेवेनं क्वचित, गरजेपुरता अँकर (बोल्टसारखा खडकात कायम बसवलेला आधार) चालेल असं ठरवलं. नोव्हेंबर २०२३ च्या मसुद्यात मात्र प्रत्येक अँकर मुळात निषिद्ध धरून, गरज सिद्ध झाली तरच सूट, अशी मांडणी आली. चढाईवाल्यांनी जोरदार विरोध केला. ४ जानेवारी २०२५ ला सही झालेल्या एक्सप्लोर कायद्यानं विल्डरनेसमध्ये अँकर लावणं, वापरणं आणि सांभाळणं मान्य केलं. परवान्याची अट त्यामुळे उडाली, असं मात्र समजू नका.

मला २०२३ चा मसुदा चुकीचाच वाटला. गंजलेला बोल्ट बदलायला कागदांची चळत लागली, तर तो कुणी बदलणार नाही आणि एक दिवस त्यावर कुणीतरी लटकेल. पण हातानं ठोकायची अट मनापासून पटली. ग्रॅनाइटात हातानं भोक पाडायला अर्धा तास सहज जातो, खांदा भरून येतो, आणि तेवढ्यात शेजारची भेग दिसते, जिच्यात नट किंवा कॅम (भेगेत अडकवून परत काढता येणारी आधाराची साधनं) मस्त बसतो. आपल्याकडेही जुन्या मंडळींनी कोकणकड्यासारख्या कड्यांवर हातानंच बोल्ट ठोकले. आता बॅटरीचं ड्रिल हाताशी आहे, आणि भेगेला चिकटून ठोकलेले बोल्ट मी स्वतः पाहिलेत. वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी वंडरलँड ऑफ रॉक्समध्ये उतरताना दोन बोल्टना बांधलेली स्लिंग (कापडी पट्टीचा फास) उन्हानं पांढरी पडलेली, हाताला कडक लागली. ती कापून सोबत आणली आणि आमची मातकट रंगाची बांधली. भडक रंगाची स्लिंग मागे ठेवू नये, असा इथला नियम आहे. तेव्हा जास्तीची सात-आठ मीटर मातकट स्लिंगची पट्टी आणि एक सुरी जवळ असू द्या. बोल्टचं हँगर (दोर अडकवायची धातूची पट्टी) हातानं हलतंय का ते आधी पाहा. पाव इंची जुना बोल्ट दिसला तर एकट्या त्याच्यावर भार टाकू नका, आणि तो बदलावासा वाटला तरी आधी रेंजरला विचारा. झाडाला दोर बांधायला बंदी आहे. शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांमुळे काही कडे हंगामी बंद असतात, त्याची यादी कॉफीच्या वेळीच विचारून घ्या.

पाणी गावातूनच भरून न्या, उद्यानाच्या आतल्या भागात मिळत नाही. दगड इतका खरखरीत आहे की बसाल्टवर पिकलेले हातही दुसऱ्या दिवशी सोलवटतात. बोटांना टेप पहिल्या चढाईआधीच गुंडाळा. रात्री पारा शून्याखाली जातो, म्हणून जाड स्लीपिंग बॅग हवीच.