अंगण खरंच वाकडं असतं: स्पर्धेआधीचं स्नूकर टेबल

एप्रिल-मे आला की इंग्लंडमधल्या शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये स्नूकरची जागतिक स्पर्धा सुरू होते आणि नाशिकच्या स्नूकर पार्लरांमध्ये नेहमीची चर्चा रंगते. तिथे हळूच सोडलेला बॉल मधल्या पॉकेटात अलगद पडतो, आपल्याकडे तोच शॉट चार बोटं आधीच वळतो. 'नाचता येईना' म्हणून हसणारे असतातच. पण स्नूकरमध्ये बऱ्याचदा अंगण खरंच वाकडं असतं, शिवाय ओलं आणि काठीच्या टोकाला लावतात त्या चॉकने माखलेलंही. क्लबची ओपन (सगळ्यांसाठी खुली स्पर्धा) घ्यायची ठरली की बक्षिसाची रक्कम, ट्रॉफी आणि फ्लेक्स यावर तीन बैठका होतात, टेबलाचं मात्र 'बघू नंतर'. हा क्रम उलटा हवा.

मापात फरक नसतो हे आधी लक्षात घ्या. क्रूसिबलचं टेबल आणि कॉलेज रोडवरच्या एखाद्या बेसमेंटमधलं फुल साइज टेबल, दोन्हींचं खेळण्याचं क्षेत्र ११ फूट साडेआठ इंच बाय ५ फूट १० इंचच. बॉल्कलाइन (डाव सुरू होतो त्या टोकाची, म्हणजे बॉल्ककडची आडवी रेषा) खालच्या कुशनपासून (कडेच्या रबरी पट्टीपासून) २९ इंचांवर, तिच्यावरच्या 'डी' या अर्धवर्तुळाची त्रिज्या साडेअकरा इंच, काळ्या बॉलचा म्हणजे ब्लॅकचा स्पॉट (ठेवायची जागा) समोरच्या टोकाला, वरच्या कुशनपासून पावणेतेरा इंचांवर. फरक आहे तो स्लेटखाली (कापडाखालच्या दगडी फरशीखाली) बसवलेल्या हीटरचा, स्पर्धेसाठी घातलेल्या नव्या कापडाचा, अधिकृत साच्याप्रमाणे कापलेल्या पॉकेटांचा आणि सत्रागणिक होणाऱ्या ब्रश-इस्त्रीचा. यातल्या हीटर आणि साच्याच्या वाटेला क्लबने जाऊ नये, खर्च परवडणार नाही. बाकीचं नाशिकमध्ये बसून जमतं.

सुरुवात लेव्हलपासून करा. फुल साइज टेबलात स्लेटचे पाच तुकडे असतात आणि सगळं मिळून वजन टनाच्या वर जातं. हे ओझं आठ पायांवर येतं. टेबल बसवल्यावर काही आठवड्यांत जमीन किंवा लाकडी फ्रेम थोडी दबते, आणि बसवलं त्या दिवशीची लेव्हल तशीच आहे असं समजून लोक वर्षानुवर्षं खेळत राहतात. गवंड्याची पाण्याची लेव्हल इथे उपयोगाची नाही, तिला हा फरक दिसतच नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मशीन बसवणाऱ्यांकडे ०.०२ मिमी प्रति मीटर दाखवणारी प्रिसिजन लेव्हल असते, ती एका दिवसासाठी मागून आणा. नाशिककरांना ही सोय घराजवळ आहे, ती वापरत कसं कोणी नाही हे कोडंच आहे.

कापड बदलायचंच असेल तर खरी संधी तेव्हाच: जुनं कापड निघालं की स्लेट उघडी पडते. प्रत्येक तुकड्यावर लांबीत आणि रुंदीत लेव्हल ठेवा, मग सांध्यांवर आडवी. सांध्यावरून नख फिरवलं तर ते अडकता कामा नये. जुनी पुट्टी भुसभुशीत झाली असेल तर पूर्ण खरवडून नव्याने भरा आणि घासून सपाट करा. वरून लेप मारलात तर तो महिनाभरात निघतो आणि कापडाखाली खडा टोचावा तसा वर येतो. तुकडा खाली बसला असेल तर फिटर फ्रेम आणि स्लेटच्या मध्ये पत्त्याच्या पानासारखी पातळ पट्टी सारतात. दोन पट्ट्या लागत असतील तर तो दोष स्लेटचा नाही, पायांचा. तिथे आधी पाय उचला.

कापड न काढता तपासायचं असेल तर बॉल अगदी हळू सोडा, बॉल्ककडून ब्लॅककडे, कुशनला समांतर. शेवटच्या फूटभरात तो कुठे झुकतो ते बघा. टेबलाच्या डावीकडून, मधून आणि उजवीकडून असं तीन ठिकाणी करा. आडवा सोडून मात्र लेव्हल ठरवू नका. कापडाची लव (त्यावरचे बारीक तंतू) बॉल्ककडून ब्लॅककडे जाते आणि आडवा जाणारा हळू बॉल लवेबरोबर ब्लॅककडे थोडा झुकतोच. मधल्या पॉकेटाचे हळू शॉट म्हणूनच बॉल्ककडच्या जबड्याच्या अंगाने खेळायचे असतात. अनेक 'वाकडी' टेबलं प्रत्यक्षात सरळ असतात, लव लक्षात न घेतल्यामुळे त्यांच्यावर ठपका येतो. साइड लावल्यावरही (बॉलला मध्याच्या डावी-उजवीकडे मारून फिरकी दिल्यावरही) हाच गोंधळ होतो: लवेच्या दिशेने हळू शॉटला उजवी साइड लावली तर बॉल शेवटी उजवीकडे सरकतो, ब्लॅककडून बॉल्ककडे खेळताना तीच साइड त्याला डावीकडे नेते.

आता ओल. नाशिकमधल्या टेबलांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. आपला पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, पण रिपरिप लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि पार्लर बरेचदा व्यापारी संकुलाच्या तळघरात. कापड मुख्यतः लोकरीचं, ते हवेतली ओल शोषून घेतं. मग बॉल दोन हात आधीच थांबतो, स्क्रू (पांढऱ्या बॉलला मागे आणणारी फिरकी) धरत नाही आणि कुशनला लागून येणारा बॉल अँगल न खोलता सरळ उभा परततो. खेळाडूला वाटतं हात बिघडलाय. तो जोर वाढवतो आणि मग पॉटही (बॉल पॉकेटात घालायचे शॉटही) हुकायला लागतात.

हजार रुपयांच्या आत मिळणारा आर्द्रतामापक भिंतीवर लावा, पण दाराशी नको, टेबलाच्या उंचीवर. काटा ५०-५५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर टेबल चांगलं धावतं, ७०च्या वर गेला की इस्त्रीही दोन तासांत विरते. डिह्युमिडिफायर भाड्याने मिळाला तर स्पर्धेच्या किमान दोन दिवस आधीपासून अखंड चालवा. आदल्या रात्री लावून काही होत नाही, कारण ओल कापडाइतकीच लाकडी फ्रेममध्येही मुरलेली असते. एसीही हवा कोरडी करतो, फक्त त्याचा झोत थेट टेबलावर येऊ देऊ नका, नाहीतर एक बाजू वेगवान आणि दुसरी जड होते.

आणि उन्हाळ्यात डेझर्ट कूलर? अजिबात नको. एप्रिलमध्ये नाशिकची हवा आपणहून कोरडी असते, म्हणजे टेबलासाठी वर्षातला उत्तम काळ. त्यात पाण्याचा कूलर लावणं म्हणजे पैसे देऊन जुलै विकत घेणं. रात्री टेबलावर प्लास्टिकचं कव्हर टाकायची सवयही सोडा. खाली अडकलेली ओल सकाळपर्यंत कापडातच राहते. सुती चादर पुरते.

ब्रश आणि इस्त्री यांचा क्रम ठरलेला आहे. घोड्याच्या केसांचा ब्रश घ्या, बॉल्ककडून ब्लॅककडे सरळ पट्ट्यांत, एकाच दिशेने, हलक्या हाताने. मागेपुढे घासायचं नाही. कुशनच्या खालच्या खाचेत चॉकचा थर बसतो, तो ब्रशच्या टोकाने बाहेर काढून सोबतच ब्लॅकच्या टोकाला न्या आणि तिथून टिपून घ्या. घाईत तो पॉकेटात लोटला जातो आणि बॉल काढताना हाताबरोबर परत टेबलावर येतो. त्यानंतर लव बसवायचा ब्लॉक त्याच दिशेने फिरवा. इस्त्री सर्वात शेवटी. धूळ न काढता इस्त्री केली तर चॉक कापडात भाजला जातो आणि मग तो कशानेच निघत नाही.

टेबलाची इस्त्री वेगळी असते, सहा-सात किलोंची, खाली सपाट आणि बिनभोकाची. घरची वाफेची इस्त्री चालणार नाही, ती ओल सोडते. तापमान बघायला जुन्या फिटरांची युक्ती पुरते: वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवायची, कागद पिवळा पडला तर थांबा. मग बॉल्कच्या कुशनपासून न थांबता सरळ ब्लॅकपर्यंत, उचलून परत बॉल्कला, पुढची पट्टी आधीच्या पट्टीवर दोन बोटं चढवून. मध्ये क्षणभरही थांबलात तर तिथे चकाकता ठसा उमटतो, आणि पुढे प्रत्येक हळू बॉल त्यावरून जाताना किंचित घसरतो. कुशनच्या रबराला गरम कड लागू देऊ नका. बॉल्कलाइन आणि 'डी' इस्त्रीनंतर आखा, आणि स्पॉटचे काळे ठिपके झिजले असतील तर नवे चिकटवा. जुन्या स्पॉटच्या जागी पडलेल्या खळग्यात ब्लॅक बसला की तो सरळ निघत नाही.

कुशनची परीक्षा कानाने होते. बोटाच्या पेराने कडेने ठोकत जा. आवाज सगळीकडे सारखा, घट्ट यायला हवा. एखाद्या ठिकाणी 'भद्द' आला तर बहुतेक वेळा रबर मेलेलं नसतं, बोल्ट सैल झालेला असतो. पावसाळ्यात फुगलेलं आणि हिवाळ्यात आकसलेलं लाकूड बोल्ट ढिले करतं. पाना घेऊन आवळा, पण मधून कडेकडे आणि थोडं थोडं. एकच बोल्ट जोरात पिळला तर कुशनचं नाक तिथे खाली ओढलं जातं आणि जोराचा बॉल उडतो. आवळूनही आवाज तसाच राहिला तर मात्र रबर बदलायचं, आणि सहाही कुशनचं एकदम. एकच नवं घातलं तर पाच जुन्यांच्या संगतीत ते वेडं वाटतं.

बॉलकडे फार कोणी बघत नाही. व्यास ५२.५ मिमी, फरक ०.०५ मिमीपर्यंत चालतो, आणि एका सेटमधल्या बॉलच्या वजनात ३ ग्रॅमपेक्षा जास्त तफावत नको. क्लबमध्ये व्हाइट आधी झिजतो, हरवतो, मग बाजारातून सुटा नवा आणून जुन्या सेटमध्ये घुसवला जातो. तिथून स्क्रू आणि फॉलो (धडकेनंतर व्हाइटला पुढे नेणारा शॉट) दोन्ही बिघडतात: व्हाइट जड असेल तर मागे यायला कुरकुरतो, हलका असेल तर धडकेनंतर पुढे जातच नाही. २२ बॉल पिशवीत घालून सराफ बाजारात ओळखीच्या पेढीवर वजन करून आणा, दहा मिनिटांचं काम. व्यासासाठी व्हर्नियर सातपुरात कुठेही. धुवायला कोमट पाणी आणि सौम्य लिक्विड पुरे, थिनर किंवा पेट्रोल नको. बॉलवर चॉकचा कण राहिला की धडकेत दोन बॉल क्षणभर चिकटतात, ऑब्जेक्ट बॉल (व्हाइट ज्याला लागतो तो) किंचित उडतो आणि जाड लागल्यासारखा पॉकेटाआधीच अडतो. यालाच किक म्हणतात. व्यावसायिक खेळाडूंपैकी अनेकजण ताओम कंपनीच्या चॉककडे वळले ते याच कारणाने. महाग आहे, पण फायनलपुरते दोन क्यूब क्लबने ठेवायला हरकत नाही.

वेळापत्रकाचं गणित सोपं आहे आणि तरी दरवर्षी चुकतं. ३२ जणांची बाद फेरी म्हणजे ३१ सामने. क्लबच्या दर्जाला १५ लाल बॉलची फ्रेम (एक डाव) अर्धा तास सहज खाते. बेस्ट ऑफ फाइव्ह (पाचपैकी तीन फ्रेम जिंकायचा सामना) सरासरी चार फ्रेमवर संपतो, म्हणजे दोन तास, वर ब्रश करायला आणि चहाला पंधरा मिनिटं. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ एका टेबलावर पाच सामने, दोन टेबलांवर दहा. तीन दिवसांत तीस, फायनल चौथ्या दिवशी. 'शनिवार-रविवारात उरकू' म्हणणाऱ्यांनी सहा लाल बॉलचा प्रकार ठेवावा किंवा सुरुवातीच्या फेऱ्या बेस्ट ऑफ थ्री कराव्यात. क्रूसिबलला याच ३२ जणांना १७ दिवस लागतात, कारण तिथे पहिलीच फेरी बेस्ट ऑफ १९ असते आणि फायनल ३५ फ्रेमची, चार सत्रांत विभागलेली. तिथेही क्वार्टर फायनलपर्यंत टेबलं दोनच, मध्ये पडदा.

शेजारचा मुंबईचा ईशप्रीत सिंग चढ्ढा २०२४च्या इंग्लिश ओपनमध्ये सेमी फायनलपर्यंत पोहोचला, २०२५मध्ये झाओ शिनतोंग पात्रता फेरीतून येऊन मार्क विल्यम्सला १८-१२ हरवत जगज्जेता झाला, आणि आता क्लबच्या पोरांनाही 'प्रोसारखे नियम लावा' असं वाटतं. लावा, पण 'मिस' (खेळायचा बॉल लावायचा पुरेसा प्रयत्न झाला नाही असा रेफरीचा निर्णय) नीट समजून घेऊन. फाऊलनंतर रेफरीने मिस दिला की समोरचा सगळे बॉल जागेवर ठेवायला सांगू शकतो, आणि भांडण तिथेच पेटतं, कारण ग्रीन नक्की कुठे होता हे कोणालाच आठवत नाही. टेबलाच्या वर, लाइटच्या शेडला क्लॅम्प लावून मोबाइल टांगा आणि स्नूकर पडला (खेळायचा बॉल दुसऱ्या बॉलआड गेला) की मार्करला (गुण लिहिणाऱ्याला) एक फोटो काढायला सांगा. ऑन बॉलचा (ज्याला आधी लावायचं त्या बॉलचा) पूर्ण चेहरा सरळ रेषेत दिसत असूनही दोनदा हुकला तर रेफरीने ताकीद द्यायची, तिसऱ्यांदा हुकला की फ्रेम गेली. ताकीद द्यायला रेफरी विसरला तर फ्रेम देता येत नाही, हे खेळाडूंपेक्षा रेफरीलाच आधी सांगा. दोघांपैकी कोणालाही जिंकायला स्नूकर (म्हणजे समोरच्याच्या फाऊलचे गुण) लागत असतील, तर मिस देत नाहीत.

रेफरीच्या खिशात एक नाणं असू द्या. शेवटचा ब्लॅक पडून गुण बरोबरीत आले की ब्लॅक परत स्पॉटवर जातो आणि आधी कोण खेळणार हे चिठ्ठी किंवा नाणेफेकीने ठरतं. व्हाइट 'डी'तून, आणि पहिला पॉट किंवा पहिला फाऊल फ्रेम संपवतो. क्लबमध्ये इथे 'ज्याने शेवटचा ब्लॅक पाडला तोच पुढे' असा घरचा नियम चालतो, तो ड्रॉ काढतानाच बंद करून टाका.